बुरशीचे पेढे

घरात आजार आला की त्याच्यामागून किस्से येतातच, पाहुण्यामागून त्याची पोरंसोरं यावीत तसे! आमच्या देऊळघाटच्या भजनी मंडळात हल्ली टाळ कमी वाजतात आणि "ताई, भाऊजींच्या जिभेचं सांगा ना!" हेच जास्त चालतं. म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

*

आमच्या यांच्या जिभेच्या कडेला जखम झाली, ती काही भरेना. मधे खड्डा, कडा कडक. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी, चव गेलेली, वजन उतरत चाललेलं. शेजारच्या शांताबाईंनी तुरटी सांगितली, जाईचा पाला सांगितला. सगळं करून शेवटी बुलढाण्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "तंबाखू?"

"नाही."

"खर्रा? गुटखा?"

"सुपारीबी नाही."

"आठवून पाहा, कधीतरी?"

हे वैतागले. "मॅडम, तुमचा एवढाच आग्रह असंन तं आजपासून सुरू करतो!"

*

बाई हसल्या नाहीत. "कॅन्सरसारखं दिसतंय. पण नुसत्या दिसण्यावर जायचं नाही. तुकडा काढून तपासायला पाठवू."

तिथंच बाकावर बसून मी महादेवाला सांगितलं, यांच्या जिभेला चव येईपर्यंत माझ्या तोंडात मीठ नाही!

घरी आल्यावर यांना सांगितलं, तर म्हणाले, "जखम माह्या जिभेले, अन् शिक्षा तुह्या जिभेले काऊन वो?"

*

माझं पाहून शांताबाईंनीही व्रत धरलं. रिपोर्ट येईपर्यंत मौन! ज्या बाईचा आवाज तीन आळ्यांपलीकडून ओळखू येतो, तिचं मौन!

त्यांचे मालक यांना भेटायला आले. खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, रिपोर्ट चांगलाच येईन. पण घाई नका करू बरं!"

शांताबाई मागेच उभ्या होत्या. मौन होतं म्हणून माणूस वाचला!

*

रिपोर्ट आला. बाईंनी दोनदा वाचला. "कॅन्सर नाही. बुरशी आहे! वेगळा रंग लावून खात्री केली, पेशींच्या आत स्पष्ट दिसतेय."

"नक्की बुरशीच ना? लोणच्यावर येते तशी?"

"त्याच गोतातली म्हणा. पण ही साधी नाही हं, गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतील."

मी कसलं ऐकतेय! तडक पेढ्यांच्या दुकानात. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "काय झालं ताई, नातू का नात?"

"बुरशी!"

*

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "घराजवळ वटवाघळं आहेत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गावाबाहेरच्या जुन्या महादेवाचा गाभारा झाडायची यांची दर सोमवारची सेवा! वर वटवाघळं लटकलेली, खाली त्यांच्या वाळक्या लेंड्या, आणि झाडू मारला की सगळी धूळ नाकातोंडात.

"तिथूनच आली असणार. शुगर आहे, म्हणून बळावली. आता गाभारा झाडणं बंद."

यांचा चेहरा पडला. "पण मॅडम, देव इचारीन ना, गडी कुठी गेला?"

"आजारपणाच्या रजेवर आहे म्हणावं. सर्टिफिकेट मी देते!"

(आता मंडळ जातं. आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क, मगच झाडू.)

*

आणि एकदाची जखम भरली! बाईंनी बॅटरी मारून पाहिलं, बोटानं कड दाबली. "मऊ आहे! खा आता मनासारखं."

व्रत सोडायला अख्खं मंडळ आमच्या ओसरीवर. मी ज्वारीची भाकरी केली, हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला. आधी यांनी चव घ्यायची, मग मी मीठ खायचं, असं ठरलेलं.

यांनी ठेचा जिभेवर ठेवला. सगळ्यांच्या माना पुढे. यांच्या डोळ्यांत पाणी!

शांताबाई ओरडल्या, "झोंबलं काय हो भाऊजी?"

यांनी मान हलवली. पुन्हा बोट लावून चाटलं, डोळे मिटले, जीभ टाळूला लावून पाहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"अवो, यात मीठच नाही!"