नव्या प्रिंटरवर पाठीचे चार फोटो

बुधवार, श्रावणातला तिसरा आठवडा, सकाळी साडेदहा. हजर: मी, सासूबाई, एक बाप, साठीच्या आसपासचा, त्याची लेक, वय सव्वीस. पाचवा माणूस साडेअकराला आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

कनेरगाव नाक्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन ढाब्यांच्या मध्ये एक शटर, दोन टेबलं, एक संगणक. लोकांच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसनं तो दोनदा बसला, तेव्हा मी त्यावरचं विंडोज काढून त्याजागी लिनक्स टाकलं, त्याला व्हायरस सहसा लागत नाही. स्वतः टाकलं, वहीत एकेक पायरी लिहून. माझं सगळं काम असं वहीतूनच चालतं. झालेल्या कामापुढं बरोबरची खूण, राहिलेल्यापुढं गोल.

त्या दिवशी वहीत एक गोल होता: नवा प्रिंटर बसवणे. छपाई, स्कॅन, झेरॉक्स, तिन्ही करणारा आणि रंगीत. रविवारी त्याची पूजा झाली होती. सासूबाईंनी त्यावर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि बजावलं की उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी आपण औंढ्याला जायचं, पहिला कागद नागनाथाच्या फोटोचा काढून त्याच्या पायाशी ठेवायचा, तोवर मशीनमधून दुसरं काही निघायला नको. आमच्या घरात ट्रॅक्टरनंही पहिली फेरी देवळापर्यंतच मारली होती. मी हो म्हटलं होतं.

लेकीच्या वरच्या ओठाला तीन टाके होते. डावा डोळा अर्धा मिटलेला. खुर्ची पुढं केली तर म्हणाली, बसता येत नाही. बापानं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"ताई, ह्याच्यात फोटो हायेत. तिच्या भावजयीनं काढले. म्या पाहिले न्हाईत."

बाकीचं दोघांनी मिळून सांगितलं. माहेर साखऱ्याकडचं, सासर नाक्यापासून चार कोसांवर. नवऱ्यानं पट्ट्यानं मारलं होतं आणि कोर्टात लिहून दिलं होतं की ती गच्चीच्या पायऱ्यांवरून घसरली, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून दोन वर्षांची पोरगी माझ्याकडं द्या. तीन वाजता हिंगोलीत सुनावणी. पोरगी तूर्त कुणाकडं राहणार, ते आज ठरणार होतं. वकिलांनी फोटो मागितले होते, रंगीत, दोनच्या आत. आदल्या दिवशी ती एका फोटो स्टुडिओच्या पायरीपर्यंत जाऊन परत आली होती. तिथला माणूस तिची उघडी पाठ मोठ्या पडद्यावर पाहणार, हे तिला सोसवलं नाही. नाक्यावर बाईचं दुकान आहे असं कळलं, म्हणून ती इथं आली.

मी फोटो संगणकावर घेतले आणि पडदा भिंतीकडं वळवला. चार फोटो. पाठ, कंबर, मांडीचा मागचा भाग, खांदा. वळ जांभळे, कडांना पिवळे पडलेले, एकाशेजारी एक असे सहा. खांद्यावर बक्कलाचा चौकोन उमटला होता, मधल्या काट्यासकट. पायऱ्यांवरून पडलेल्या माणसाला असा चौकोन उमटत नाही.

आधी जुन्या काळ्यापांढऱ्या प्रिंटरवर एक प्रत काढून पाहिली. उन्हात राबलेली सावळी पाठ, तिच्यात वळ मिसळून गेले. बघणाऱ्याला नुसती पाठ दिसली असती. मी नव्या मशीनवरचा नारळ उचलला.

"पहिला कागद देवाचा," सासूबाई म्हणाल्या. "माराचा न्हाई."

मी समजावायला लागले, कोर्टाची वेळ सांगितली. त्या ऐकेनात. तेव्हा लेक त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिली आणि पदर बाजूला करून पोलकं वर केलं. बाप झटकन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लाव वायर," त्या म्हणाल्या. "देवाला दुसरा कागद चालंल."

खोक्यातली सीडी विंडोजची, ती बाजूला ठेवली. वायर जोडली. लिनक्सनं प्रिंटर आपोआप ओळखला, पण त्याच्याजवळचा सरसकट ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारी फाइल, लावला. पहिला कागद निघाला तो राखाडी. रंगाचा पर्यायच दिसत नव्हता. म्हणून कंपनीच्या साइटवरून खास लिनक्सची फाइल उतरवायला लावली. रेंज यायची, जायची. त्या वेळात लेक हळू आवाजात बोलत होती, मी न विचारता. पहिला फटका पोरीला दूध पाजताना बसला. पोरगी खाली पडू नये म्हणून तिनं हात वर केले नाहीत, पाठ दिली. सगळे वळ पाठीवर का, ते मला तेव्हा समजलं.

फाइल उतरली. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत वहीतली आज्ञा टाइप केली, पासवर्ड दिला, जुनी नोंद काढून प्रिंटर नव्यानं जोडला. रंग आला. स्कॅनर अजून दिसत नव्हता, पण तो नंतर बघू म्हटलं. छपाई दिली. कागद अर्धा आत गेला आणि मशीन दात खाल्ल्यासारखं कडकड करून थांबलं. मागचं झाकण उघडलं. कागद ओढणाऱ्या रबरी रुळाशी अक्षता. रविवारी वाहिलेले हळदीचे तांदूळ सरळ कागदाच्या फटीत गेले होते. मी चिमट्यानं एकेक दाणा काढला, नऊ निघाले. सासूबाई टॉर्च धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतर चारही फोटो एकामागून एक आले. जांभळं ते जांभळं, पिवळं ते पिवळं. चौथा ट्रेमध्ये पडला तेव्हा बाहेर मोटरसायकल थांबली.

जीपमधून उतरताना तिला कुणीतरी पाहिलं असणार. तिचा नवरा आला तो हात उगारूनच. पायरीवरच्या बापाच्या कानाखाली मारली, म्हातारा शटरच्या कडेवर आपटला, भुवई फाटली. मग त्यानं हिची वेणी धरून हाताला दोन वेढे दिले आणि ओढली. ती टेबलाला धरून राहिली, टेबल सरकलं. तिच्या ओठाचा टाका उसवला, रक्त कीबोर्डवर पडलं.

"माझ्या इरुद्ध फोटो काढते व्हय? काहून आली इथं?"

कागदांना भोकं पाडायचं लोखंडी पंचिंग मशीन माझ्या हाताशी होतं. मी ते त्याच्या मनगटावर हाणलं. दोनदा. पहिल्या फटक्याला वेणी सुटली नाही, दुसऱ्याला हाड वाजलं आणि सुटली. सत्तेचाळीस वर्षांत मी कुणावर हात उचलला नव्हता. तिसरा मारायची गरज नव्हती, तरी तो मी मारला, खांद्यावर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानं डाव्या हातानं नारळ उचलला आणि प्रिंटरवर आपटला. झाकण तुटलं, स्कॅनरची काच फुटून आत गेली. मग तो ट्रेकडं वळला. ट्रे रिकामा होता.

"कागद कुठायत?"

सासूबाई भिंतीशी मांडी घालून बसल्या होत्या.

"माझ्याखाली," त्या म्हणाल्या. "ये, काढ. तुझ्या आईच्या वयाची हाये मी. काढ."

तोपर्यंत ढाब्यावरचे चार लोक धावत आले. त्यांनी त्याला धरून बाहेर नेलं, नेता नेता बडवलंही. मी थांबवलं नाही.

फोटो गरम होते आणि थोडे चुरगळलेले. प्लॅस्टिकच्या फायलीत घातले. बापाच्या भुवईवर सासूबाईंनी त्याच पूजेतली हळद दाबली. बाराच्या जीपनं दोघं हिंगोलीला गेले. संध्याकाळी फोन आला: पुढच्या तारखेपर्यंत पोरगी आईकडं.

दुसऱ्या आठवड्यात वकिलांनी एक कागद पाठवला. मोबाइलमधल्या फोटोची छापील प्रत पुरावा म्हणून टिकायची असेल, तर जिनं छापली तिनं सहीनिशी लिहून द्यायचं: संगणक कोणता, प्रिंटर कोणता, आणि तो त्या काळात नियमित वापरात होता, नीट चालत होता. सही नसेल तर समोरचा वकील फोटो बाजूला ठेवायला लावणार आणि पोरीचा निकाल पुन्हा पायऱ्यांवरून घसरणाऱ्या बाईच्या गोष्टीवर जाणार. मी वकिलांना खरं ते सांगितलं. प्रिंटर तासाभरापूर्वी जोडलेला, पहिला कागद राखाडी, दुसरा तांदळात अडकलेला. ते म्हणाले, जसं घडलं तसंच लिहा, खोटं एक अक्षर नको. मग तुम्हाला उलटतपासणीला यावं लागेल, मनगटाचंही विचारतील.

त्याच संध्याकाळी नवऱ्याचा थोरला भाऊ दुकानात आला. एकटा, पांढऱ्या शर्टात. चहा घेतला. फार आदरानं बोलला.

"ताई, तुमचं दुकान नाक्यावर हाये. आमचं रोजचं येणं-जाणं ह्याच रस्त्यानं. तुमी काहून कोर्टाच्या भानगडीत पडून राहिल्या?"

त्यानंतर तो रोज दुकानासमोरून जातो. गाडी हळू करतो, आत बघतो, जातो. घरचे म्हणतात, फोटो दिलेस, पुष्कळ झालं. सासूबाई मात्र दुकानात रोज येऊन बसायला लागल्या आहेत.

कागद मी भरला आहे. संगणकाची माहिती, प्रिंटरचा क्रमांक, राखाडी कागद, तांदूळ, वेळ, सगळं. पंचिंग मशीनचं त्यात विचारलेलं नाही, पण ते विचारतील तेव्हा तीन फटके सांगायचे, दोन नाही, एवढं ठरवलं आहे. सुनावणी सोमवारी आहे. वकिलांना कागद शनिवारपर्यंत हवा. आज गुरुवार. वहीत त्याच्यापुढं गोल आहे. सही बाकी.