छोट्या लॅपटॉपला पासवर्ड नव्हता

लिहिणाऱ्या मंडळींनो, या ग्रुपवर माझ्या घरचं कुणी नाही, म्हणून सांगते.

माझ्या लिखाणाची दुसरी प्रत एका छोट्या, जुन्या लॅपटॉपवर असते. मोठ्याला कडक पासवर्ड. छोट्याला नाही. त्या डबड्याला कोण हात लावणार?

आज ऑफिसमधून लंडनमधल्या हाउन्सलोला घरी आले, तर छोट्यावर बाबांना लिहीत असलेलं पत्र सकाळी अकराला उघडलेलं दिसलं. तेव्हा घरी फक्त फ्लॅटमेट केतकी होती. ती माझ्याच गावची.

"माझा लॅपटॉप उघडलास?"

"छे गं! दिवसभर मीटिंग्ज होत्या. संशयी बाई!"

मी चहा ठेवला. मग चहा ओतताना तीच म्हणाली, "गावच्या शाळेत शिकवायला यूकेपर्यंत यायची काय गरज होती गं?"

नोकरी सोडून गावच्या शाळेत शिकवायला परत जायचं, हे मी फक्त त्या पत्रात लिहिलंय. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बाबा अख्ख्या गावाला माझी नोकरी सांगत फिरतात.

केतकी रोज गावी तिच्या आईशी फोनवर बोलते. आज काय बोलली असेल? तिने "काही नाही" म्हटलं तरी आता खरं कसं मानू?

बाबांना फोन लावतेय. पत्र अजून अर्धंच आहे. पहिलं वाक्य काय बोलू?