सतरा नकाशे

कर्वेनगरातल्या रंगनाथ अष्टेकरांच्या ऑफिसात शाइस्ता शेख बावीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागली. अष्टेकर इमारतींच्या खांब-तुळयांचे नकाशे करणारे इंजिनिअर. ऑफिसात पहिला सर्व्हर आला तेव्हा तो सांभाळायला कुणी पुढे येईना. मग बुधवार पेठेतल्या दुकानदारांना विचारून विचारून शाइस्ताच शिकली. पुढे दोन सर्व्हर झाले आणि म्हातारे होईतो तिच्याच हाताखाली राहिले.

ते बदलायचा शनिवार उजाडला, तशी तिला खुर्ची टोचू लागली. नवे सर्व्हर बसवायला कंपनीची पूर्वा आली होती. दहाला जुन्यातून नव्यात माहिती जायला लागली. शाइस्ता उठायची, पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा बघायची, एसी एकाने कमी करायची, परत बसायची. तिसरा चहा तर तिने न पिताच ओतून दिला.

साडेबाराला आकडा अडला.

"मॅडम, चालू वर्षाचा फोल्डर रीडच होत नाहीये. डिस्क गेलीये," पूर्वा म्हणाली. "पण टेन्शन नको, बॅकअपमधून घेऊ."

बॅकअपमध्ये तो फोल्डर नव्हताच. जानेवारीपासून त्याची प्रत निघालीच नव्हती. तशी तक्रारीची मेल सर्व्हर रोज सकाळी पाठवत होता. पण आधी दोन-तीनदा खोटी ओरड निघाली म्हणून त्या मेल परस्पर वेगळ्या कप्प्यात जातील अशी सोय शाइस्तानेच केली होती. तिने तो कप्पा उघडला. दोनशे चाळीस मेल. एकही वाचलेली नव्हती.

पूर्वाने ते पाहिलं आणि ती लॅपटॉपकडे वळली. अष्टेकरांना सांगितलं नसतं तरी खपून गेलं असतं. जुन्या डिस्कचा कोण भरवसा धरतो? शाइस्ता जिन्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी केबिनच्या दारात उभी राहिली.

"सर, डिस्क गेली ती गेली. पण बॅकअप नाही, ही माझी चूक आहे," म्हणत तिने सगळं सांगितलं.

अष्टेकरांनी चष्मा काढला. "म्हणजे सर्व्हर आठ महिने पत्रं लिहीत होता आणि आपण पाकिटं फोडत नव्हतो."

"हो, सर."

"बसा. राहू द्या, तुम्ही काही बसणार नाही. किती गेलं ते बघा."

पूर्वाने दिवसभर खपून डिस्कमधून निघेल तेवढं काढलं. दोनशे बारांपैकी सतरा नकाशे गेले ते गेलेच.

रविवारी शाइस्ताने इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री केली. सोमवारी ठेकेदारांकडच्या प्रतींसाठी फोन लावायला बसली. पंधरा दिवसांत चौदा नकाशे परत मिळाले. दोन सरांनी आपल्या वहीवरून पुन्हा काढले. उरली लोणी काळभोरची एक शेड. तिथली प्रत पावसात भिजून लगदा झाली होती. म्हणून दोघं टेप घेऊन तिकडे गेले.

"नकाशा कशाला पायजे आता?" शेडचे मालक धोंडिबा म्हणाले. "शेड हाय की उभी."

"तुमच्याकडे उभी आहे. आमच्याकडची पडली," अष्टेकर म्हणाले.

शाइस्ताने टेपचं टोक खांबाला धरलं. इतकी वर्षं नकाशे सांभाळले, पण त्यातल्या एखाद्या खांबाला हात लावायची ही तिची पहिलीच वेळ. सरांनी आकडा सांगितला, तिने लिहिला. वहीकडे पाहत ती क्षणभर थांबली.

"पुन्हा एकदा मोजू या, सर."

 अष्टेकरांनी टेप परत ताणली.