खरवडलेला चेहरा

भूतबित, अंगात येणं असल्या गोष्टींची मी कायम टिंगल केली. त्यामुळे हे इथे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण मनातून जात नाही.

आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मी मूळचा पुण्याचा, आयटीवाला, नाद एकच — जुनी नाणी. गेल्या जानेवारीत एका कॉइन शोमध्ये तांब्याचं मोठं रोमन नाणं घेतलं. विकणाऱ्याने गोष्ट सांगितली. दोन भाऊ मिळून राज्य करत होते. थोरल्याने धाकट्याला मारलं आणि हुकूम काढला, की त्याचा चेहरा सगळीकडून पुसा, अगदी नाण्यांवरूनसुद्धा. माझ्या नाण्यावर थोरला होता आणि त्याच्या समोर नुसती खरवडलेली जागा.

तेव्हा आई आमच्याकडे आली होती. त्याच्या काही महिने आधी बाबा गेले. व्हिसाच्या भानगडीत मला अंत्यविधीला जाता आलं नाही. सगळं धाकट्या भावाने, सुहासने केलं. फोनवर तो एकदाच म्हणाला, "दादा, तू फक्त व्हिडिओवर बघ." मी त्याला ब्लॉक केलं. आईलाही बजावलं — या घरात त्याचं नाव काढायचं नाही. ती लाँड्री रूममध्ये ड्रायर चालू करून त्याच्याशी बोलायची. मला कळायचं.

एका शनिवारी सकाळी आई टेबलाशी बसून नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासत होती. आम्ही लहान असताना चार आण्याचे ठसे काढून द्यायची, तसं. नाण्याची गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती.

"हे दोघं भाऊ का रे?"

"दोघं कुठे, आई? एकच तर आहे."

तिने कागद पुढे केला. दोन चेहरे, समोरासमोर. धाकट्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं.

त्याच पेन्सिलीने मी ठसा काढला — एकच चेहरा. आईला पुन्हा काढायला लावला. एकच! भिंगातून पाहिलं, जागा सपाट.

"किती कोवळा आहे रे," आई म्हणाली. "मग नाण्यावरून याला खोडलं कुणी?"

मला तिच्याकडे बघवेना. तिथेच सुहासला अनब्लॉक करून फोन लावला.

"हॅलो, कोण?"

"अरे, मी... दादा."

"कोण दादा?" म्हणाला, आणि फोन ठेवला.

कॉइन शोमधल्या एका जाणकाराला नंतर विचारलं. तो म्हणाला, खरवडलं तरी खालच्या धातूत कधीकधी दाब राहतो. असेलही. मग तो चेहरा पुन्हा का उमटला नाही? मला आजही माहीत नाही.

मी दर शनिवारी फोन लावतो. सुहास उचलत नाही.