प्लगचा जाड दात

ड्रायरच्या प्लगला तीन पितळी दात होते. दोन बारीक आणि वरचा एक जाड. आमच्या मोरीतल्या बोर्डाला भोकं दोनच. मी आमच्या मालकांच्या हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायचं पातं काढलं, उंबऱ्यावर बसले, प्लग दोन्ही तळपायांत घट्ट धरला आणि तो जाड दात मुळापासून कापून टाकला. फुंकर मारून भुगा उडवला. तुकडा खिडकीत जपून ठेवला, पितळ आहे, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. मग प्लग बोर्डात खुपसला. तो बसला. ड्रायर घुर्र करून फिरायला लागला आणि मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे अशी बघत उभी राहिले, जशी काही वीज मीच शोधून काढली होती.

घरात तेव्हा सात महिन्यांची पोटुशी सून होती आणि ते मशीन तिच्यासाठीच आलं होतं. हे आधीच सांगते. पुढं मी माझ्या शहाणपणाच्या कितीही गमती सांगितल्या, तरी ती पोर तिथंच कुठंतरी ओल्या फरशीवर उभी आहे, एवढं ध्यानात असू द्या.

मशीन आलं तिच्या माहेराहून, केंदूरहून. तिच्या वडलांनी शिरूरच्या दुकानातून घेतलं आणि टेम्पोत घालून थेट खुटबावला आणलं. दोन नग होते. एक धुवायचं, प्लॅस्टिकचं, बादलीच्या मोठ्या बहिणीएवढं. दुसरा पिळायचा ड्रायर, पत्र्याचा, उभट, गुडघ्याच्या वर येणारा. व्याही चहा घेता घेता म्हणाले, "पोरीची आई म्हनली, आता तिनं पिळापिळी करायची न्हाई."

साधंच वाक्य. पण मी तेव्हा नवीकोरी सासू होते. मला ऐकू आलं ते असं, की आमच्या पोरीला तुम्ही गोधड्या पिळायला लावता. मी व्याह्यांना दुसरा कप दिलाच नाही. ते गेल्यावर मालक म्हणाले, "बोर्ड जुना हाय. वायरमनला बोलवू, मग लावू." मी म्हटलं, "मशीन त्यांनी दिलं, तर बोर्डाचं तरी आपलं आपल्याला करता येतंय का बघते." आणि ते शेतावर गेल्या गेल्या पातं काढलं.

आठवड्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. ड्रायर फिरत असताना त्याच्या पत्र्याला हात लावला की बोटांत मुंग्या यायच्या. बारीक, गोड मुंग्या. आता कुणी म्हणेल, बाई घाबरली असेल. घाबरायला अक्कल लागते. त्याच वर्षी माझा खांदा धरला होता आणि मी दौंडला एका डॉक्टरकडं शेक घ्यायला जात होते. तो खांद्याला ओल्या पट्ट्या चिकटवायचा, खटका दाबायचा आणि म्हणायचा, "मावशी, मुंग्या आल्यासारखं वाटेल. चांगलं असतं ते." त्यासाठी एसटीनं जायचं, बाकावर ताटकळायचं, परत यायचं. आणि इथं तेच औषध माझ्या मोरीत! मी दौंडला जायचं बंद केलं.

रोज धुणं झालं, की सून आत गेल्यावर मी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहायची आणि पत्र्यावर तळहात टेकवायची. मुंग्या मनगटापर्यंत चढायच्या. डोळे मिटून मनात मोजायची आणि हात काढायची. खांदा मोकळा झाल्यासारखा वाटायचा. देवाशपथ वाटायचा.

एकटीनं सुख खायची सवय नाही मला. शेजारच्या चुलत जावेचे गुडघे दुखायचे. तिला बोलावून घेतलं. म्हटलं, "आधी बोट लाव. मग तळवा."

तिनं बोट लावलं, झटकलं, पुन्हा लावलं. "आगं बया! ह्ये तर लई ग्वाड लागतंय."

"गुडघाच टेकव की मग."

"लुगडं भिजंल."

"भिजू दे. ओलं असल्यावर जास्त लागतंय."

हे मीच सांगितलं. माझ्या तोंडानं.

आमच्या कुत्र्याला मात्र आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. ड्रायरच्या नळीतून पाणी यायचं, ते मोरीच्या तोंडाशी साचायचं आणि कुत्रं तिथं येऊन लपलप प्यायचं. एक दिवस ते पाण्याला तोंड लावताच केकाटलं आणि शेपूट पोटात घालून पळालं. त्यानंतर मोरीकडं फिरकलं नाही. लांब, चिंचेखाली बसायचं आणि मशीन सुरू झालं की उठून उभं राहायचं. मी म्हटलं, साबणाचं पाणी झोंबलं असेल. भाकरीचा तुकडा दाखवून बोलावलं, तर माझ्या हाताकडं नाही, माझ्या मागं मशीनकडं बघत राहिलं.

त्यात तो ड्रायर चालायचा. फरशी उंचसखल, कपडे एका अंगाला गोळा झाले की तो थडथड उडत पुढं सरकायचा, वायर ताणून धरायचा, दाव्याला हिसके देणाऱ्या शेरडासारखा. त्यानं हलू नये म्हणून मी खाली ओलं पोतं घडी करून घातलं. वर दगड ठेवला. त्या मशीनला त्याच्या आईबापांनी केलं नसेल एवढं मी केलं.

आता सुनेच्या चपला. ती कुरकुंभच्या एका कंपनीत कामाला होती. तिथं म्हणे बूट घातल्याशिवाय आत सोडत नव्हते. सातव्या महिन्यात रजेवर आली आणि बूट गेले तरी सवय गेली नाही. मोरीतसुद्धा जाड रबरी चपला घालायची, मागून पट्टा असलेल्या. मला तो पट्टा डोळ्यांत खुपायचा.

"मोरीत कुनी चपला घालतं का गं?"

"फरशी निसरडी हाय, आत्या. पडले बिडले तर?"

सासूला आत्या म्हणायची आमच्याकडची रीत. त्या 'आत्या'मध्ये तिनं कधी उणंदुणं मिसळलं नाही, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

तिची कंबर दुखायची. रात्री कूस बदलताना कण्हायची, ते भिंतीपलीकडं मला ऐकू यायचं. एकदा मी सहज केल्यासारखं विचारलं, "मशीनला हात लावल्यावर तुला काय लागतं का गं?"

"न्हाई. का?"

"काय न्हाई."

आणि मग मी विचार केला. माझ्या आयुष्यातला तो एकच विचार, जो अर्धा बरोबर होता. मला लागतं, जावेला लागतं, हिला लागत नाही. आम्ही अनवाणी, ही चपला घालून. म्हणजे चपला आडव्या येतात. इथपर्यंत मी पोहोचले. इथून सरळ चाललं की माणूस वाचतो. मी उलटी वळले. मला वाटलं, बिचारीचं औषध रबरात अडकतंय. चपला निघाल्या तर कमरेला गुण येईल.

घट बसायला थोडे दिवस उरले होते. आमच्याकडं त्याआधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं एकूणएक कापड धुवायचं. गोधड्या, वाकळा, बाजेवरचं, माळ्यावरचं, सगळं. पूर्वी आम्ही बाया डोक्यावर गाठोडी घेऊन कॅनॉलवर जायचो आणि दिवसभर धोपाटण्यानं बडवायचो. त्या वर्षी मशीन होतं. ते लाकडी धोपाटणं मोरीच्या कोपऱ्यात उभं होतं, महिनाभर पाणी न लागलेलं, खडखडीत वाळलेलं. मी ते फेकणार होते. सून म्हणाली, "असू द्या आत्या, जागा थोडीच खातंय."

आभाळ सकाळपासून खाली आलेलं. बारीक भुरभुर. मोरी, अंगण, पोतं, सगळं ओलंचिंब. मुलगा दौंडला रेल्वेत, ड्युटीवर. मालक शेतावर. ड्रायरचा आवाज त्या दिवशी वेगळा होता, मधूनच घोगरा व्हायचा आणि तेव्हा मोरीतला दिवा बारीक व्हायचा. रबर जळल्यासारखा वास येत होता. मी उदबत्ती लावली.

शेवटी देवाची वस्त्रं राहिली. देव्हाऱ्यातलं लाल कापड, घटाखालचं आसन. ती मी हातानंच धुतली, पण त्या हवेत वाळणार कधी? म्हटलं, एवढी पिळून घेऊ. आणि मला माझी संधी दिसली.

"ही तू घाल गं आत. पण चपला काढ. देवाचं हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. फरशीकडं बघितलं. "वल्ली हाय वो, आत्या."

"देवाच्या कापडाला चप्पल घालून हात लावतात व्हय? आन् एका हातानं मशीनला धरून उभी ऱ्हा. पडायची न्हाईस. कंबर बी मोकळी व्हईल."

कंबर का मोकळी होईल हे तिनं विचारलं नाही. सासूनं देवाचं नाव काढल्यावर कुठली सून विचारते? ती भिंतीला धरून वाकली. पोट आडवं येत होतं. एका पायाचा पट्टा सुटला, ती चप्पल निघाली. दुसऱ्याला हात पोहोचेना. ती वाकायची, दम लागायचा, उभी राहायची, परत वाकायची.

मला धीर नाही. कधीच नव्हता. आत आधीच्या कपड्यांचा घाणा फिरत होता, तो बंद करावा म्हणून मी पुढं झाले आणि सवयीनं डावा हात पत्र्यावर टेकवला.

मुंग्या नव्हत्या त्या. आतून कुणीतरी हात धरला. बोटं पत्र्याच्या कडेला आवळली ती माझी राहिलीच नाहीत. छातीत काहीतरी घट्ट झालं, दातावर दात बसले. डोळे तेवढे उघडे होते. समोर ती पोर, एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल, वर बघतेय. मला ओरडायचं होतं, येऊ नकोस. तोंडातून नुसतं 'अं अं' निघालं. तिला वाटलं, मी मदतीला बोलावतेय. ती अनवाणी पाय पुढं टाकायला निघाली.

आणि थांबली. काय दिसलं तिला माझ्या तोंडावर, कोण जाणे. मागं सरकली आणि चप्पल पायात सरकवायला लागली. त्या अवस्थेतही माझ्या डोक्यात आलेला विचार सांगते, म्हणजे मी काय चीज होते ते कळेल. मला वाटलं, मी इथं मरतेय आणि ही बया चप्पल घालून माहेरी निघाली.

मग तिनं कोपऱ्यातलं धोपाटणं उचललं आणि दोन्ही हातांनी माझ्या मनगटावर हाणलं.

हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पण हात सुटला. मी मागं भिंतीवर जाऊन पडले. तिनं दुसरा तडाखा बोर्डातल्या प्लगवर दिला, तो उडून पाण्याबाहेर उंबऱ्यावर पडला. ड्रायर गरगरत गरगरत थांबला. शांत झालं. भुरभुर तेवढी ऐकू येत होती.

आवाजानं जाऊ धावत आली ती नेमकी ह्या वेळी. तिला दिसलं ते एवढंच. सासू भुईवर, मनगट वाकडं, आणि आठव्या महिन्यातली पोटुशी सून धोपाटणं उगारून उभी. ती आल्या पावली फिरली. माझं प्लॅस्टर ओलं होतं तोवर बातमी केडगाव स्टेशनावर होती, आणि ते वाळायच्या आत केंदूरहून विहीणबाईंचा रडत फोन आला, "आमची पोरगी तशी न्हाई वो!"

वायरमन आला. वायर ओढून ओढून, जिथं ती पत्र्यात शिरते तिथं सोलून निघाली होती. त्यानं कापलेला दात पाहिला आणि विचारलं, "ह्यो अर्थिंगचा दात कुनी कापला?" मालकांनी खिडकीतला पितळी तुकडा उचलून तळहातावर धरला आणि माझ्याकडं बघितलं. वायरमननं अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा घातला, जाड तार पुरली, बोर्ड बदलला. कुत्रं तरीही चिंचेखालीच बसून राहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी सून मला भाकरी कुस्करून भरवत होती, कारण डावा हात गळ्यात होता आणि उजव्यात अजून घास धरवत नव्हता. मला तिच्या डोळ्याला डोळा देववेना. अशा वेळी मी थट्टा करते, दुसरं काही येत नाही. म्हटलं, "सासूला हाणायचं सुख कितीजणींच्या नशिबी असतंय! बरं वाटलं का गं?"

ती हसली नाही. घास वाटीत परत ठेवला, पदराला हात पुसला, तोच हात पोटावर ठेवला आणि म्हणाली, "आत्या, तुमचं ऐकून एक चप्पल मी काढली व्हती. दुसरी निघाली असती, तर तुमच्या आधी मी हात ठिवला असता. आता तुम्ही देवाचं नाव घ्या न्हाईतर कुनाचं बी घ्या, आधी मी 'का' म्हनून इचारनार. आन् त्ये धोपाटणं तिथंच ऱ्हाऊ द्या."