अक्काच्या खोलीचं दार

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलीला नाही. देवासमोर बसूनही कधी उच्चारलं नाही — त्याला ठाऊक असेल तर असेल, माझ्या तोंडून त्यानं ऐकलेलं नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीचं माणूस लगेच म्हणेल, जाऊ द्या, जुनं झालं. जुनं झालं म्हणून काय झालं?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हिशेबापलीकडे लिहायची सवय नाही. सरळ लिहायचं ठरवून बसले, आणि तीन दिवस पहिल्याच ओळीवर अडले.

आम्ही बंगळूरचेच, चार पिढ्यांपासूनचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. ह्यांचं चिकपेठेत शिवणकामाचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीतल्या वठारात आमचं बिऱ्हाड — एका अंगणाभोवती सात घरं, सातांत एक नळ. दोन खोल्यांत आम्ही चौघं. हे, मी, आमची चार वर्षांची कुसुम आणि अक्का. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष होत नाही तोच नवरा गेला आणि पंधराव्या वर्षी ती माहेरी परत आली. पुढं आई वारली तेव्हा हे पाच वर्षांचे होते. ह्यांना वाढवलं ते अक्कानं.

अक्का वाईट होती असं सांगता आलं असतं तर मला बरं पडलं असतं. ती वाईट नव्हती. माझ्याआधी उठायची. मी डोळे चोळत चुलीपाशी जावं तर चूल पेटलेली, भाताला आधण आलेलं. हे दुकानातून आले की चपला काढता काढता विचारायचे, "अक्का, आज काय केलंयस?" केलेलं मी असलं तरी विचारायचं तिला. कुसुम पडली, गुडघा फुटला की हाक मारायची ती "अक्का" अशी. आई म्हणून नव्हे. एवढंच. दुसरं कारण शोधत बसू नका, मीही पुष्कळ शोधलं आहे. मी जळत होते.

त्या सुमारास मल्लेश्वरमच्या पलीकडे नवी वस्ती आखली जात होती. तिथं ह्यांना तीस-चाळीसची साईट, म्हणजे तीस फूट रुंद, चाळीस फूट लांब जागा, मिळाली. आजूबाजूला नाचणीची शेतं आणि लांबवर निलगिरीची रांग, बाकी काही नाही. घराचा नकाशा ह्यांनी स्वतः काढला. दुकानातल्या खाकी कागदावर — ज्यावर कोटाचं माप बेततात त्याच — शिंप्याच्या खडूनं. पुढं पडवी, मग हॉल, त्यामागं मधली खोली, ती माझी आणि मुलांची. सगळ्यात मागं स्वयंपाकघर, आणि त्याला लागून एक लहान खोली. तिच्यावर ह्यांनी "अक्का" असं लिहिलं होतं. त्या खोलीला एक दार मधल्या खोलीत उघडणारं. इतर कुठल्याच खोलीवर कोणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. तेही मी पाहिलं.

एका रविवारी सगळे साईटवर गेलो. ह्यांनी टेप धरून फक्कीनं तो नकाशा जमिनीवर जसाच्या तसा आखला. अक्का आपल्या खोलीच्या पांढऱ्या रेघांमध्ये गेली, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ मातीत आडवी झाली. वठारात ती धान्याच्या डब्यांमागं अंग मुडपून झोपायची.

"पाय पुरतात रे," ती म्हणाली. "डोक्याशीसुद्धा स्वल्प जागा उरते."

कुसुम रेघांवरून उड्या मारत इकडून तिकडे पळत होती. अक्का पडल्या पडल्याच ओरडली, "भिंतीतून काय जातेस गं, भूत आहेस? दारानं ये." मग कुसुम वळसा घालून, जिथं रेघ मोडली होती तिथून, वाकून आत आली आणि तिच्या शेजारी पडली. दोघी आभाळाकडे बघत होत्या. मी उभी होते. मला कोणी बोलावलं नाही — बोलावलं असतं तरी मी गेले नसते.

तेवढ्यात मुनियप्पा मेस्त्री आला. त्यानं रेघा पाहिल्या, पावलं टाकून माप घेतलं आणि टोपी मागं सारून ह्यांना म्हणाला, "सरी अण्णा, मने चेन्नागिदे. गोडे एल्ली?" म्हणजे घर छान आहे, पण भिंती कुठं आहेत? ह्यांनी सगळ्या खोल्या एकमेकींना चिकटवून आखल्या होत्या. भिंतीलाही जाडी असते हे ध्यानातच नव्हतं. शिलाईला अर्धा इंच कापड सोडायला आयुष्यात कधी विसरले नाहीत, आणि नऊ इंची भिंत विसरले. लांबीत चार भिंती, म्हणजे तीन फूट गेले. मेस्त्री म्हणाला, "कोट घट्ट झाला, अण्णा." आम्ही सगळे हसलो. अक्का सगळ्यात जास्त हसली.

पण नकाशा पुन्हा काढावा लागला. भिंतींना जागा देताना खोल्या सरकल्या. सरकल्या म्हणून तो वास्तू बघणाऱ्या जोशीबुवांना पुन्हा दाखवायला हवा. लग्नसराई होती, ह्यांना दुकान सोडता येईना. म्हणून मी गेले. एकटी गेले, हे लक्षात ठेवा.

बुवांनी कागद फिरवून पाहिला. विहीर ईशान्येला हवी, चूल आग्नेयेला आहे ती ठीक, असं सांगितलं. मी अक्काच्या दारावर बोट ठेवलं. हे चालेल का? ते म्हणाले, "चालायला काय झालं? वारा येईल." आणि कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

त्यांनी दार वाईट म्हणावं म्हणून मी विचारलं होतं, हे तुम्हाला कळलंच असेल. त्यांनी म्हटलं नाही. मग येताना, रस्त्यानं, मीच म्हटलं.

घरी येऊन कागद पसरला. हे जेवत होते, अक्का वाढत होती. मी सांगितलं — बुवा म्हणाले, विधवा बाईच्या खोलीचं दार पाळण्याच्या खोलीकडे उघडू नये. मुलांना बाधतं. दार मागच्या अंगणात काढा. वाक्य मी वाटेत तीन-चार वेळा मनाशी म्हणून पाहिलं होतं. आवाज हलला नाही.

मला काय हवं होतं? दार अंगणात गेलं की अक्काला घरात यायला एकच वाट, स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं. त्याची कडी आतून. सकाळी ती कडी मी काढणार. चूल माझ्या हातानं पेटणार. भाताला आधण माझं. बस्स, एवढ्यासाठी. ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं मोठं वाक्य कशाला लागलं मला? नुसतं म्हणता आलं असतं की अक्का, सकाळची चूल मी पेटवीन. तिनं "पेटव की" म्हटलं असतं.

ह्यांनी ताटावरून हात उचलला. "त्या दारानं बुवांचं काय घोडं मारलंय? दार तिथंच राहील."

"तू गप," अक्का म्हणाली. "पोरांपेक्षा दार मोठं का?"

"अगं, पण पावसात बाहेरून येणार तू?"

"पावसानं काय विरघळणार आहे मी? काढ ते. आत्ता काढ."

ह्यांनी खडू घेतला आणि त्या दारावर फुली मारली. अक्कानं त्यांना पुन्हा भात वाढला. तिचा चेहरा मी पाहिला. तिला राग आलेला नव्हता. तिला भीती वाटली होती. ते मी धरलंच नव्हतं. ती चिडेल, रुसेल, दोन दिवस जेवणार नाही, असं धरून मी तयारी केली होती. तिनं खरं मानलं.

नवीन घरात गेलो आणि तिनं कुसुमला जवळ घेणं सोडलं. मी सांगितलं नव्हतं. मी फक्त दाराचं बोलले होते — पण दारातून जाऊन बाधतं ते काय, हे तिनं स्वतःच ओळखलं. कुसुम मागच्या अंगणात जाऊन तिची कडी वाजवायची. अक्का आतून म्हणायची, "आईकडे जा, बाळ." पहिले काही दिवस पोर रडली. मग कमी. मग कडी वाजवेनाशी झाली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

दुसऱ्या वर्षी मुलगा झाला. पाच महिन्यांचा होता. एका सकाळी मी मागच्या दगडावर कपडे धूत होते, आत तो रडत होता, आणि मी हातातलं लुगडं पिळूनच जाऊ म्हटलं. रडणं थांबलं. उठून पाहिलं तर अक्कानं त्याला उचललं होतं. छातीशी धरून मधल्या खोलीत उभी होती. मला पाहताच तिनं घाईनं त्याला पाळण्यात ठेवलं आणि बाहेर गेली. त्यानंतर आठवड्यानं त्याला जुलाब लागले. दोन दिवसांत गेला. डॉक्टर म्हणाले, पाण्याचं आहे, वस्तीत आणखी दोघांना आहे. विहीर नवीन होती.

डॉक्टर काय म्हणाले ते अक्काला कोणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं.

बाराव्या-तेराव्या दिवशी मी दगडापाशी बसले होते. ती आली. थोडी लांब उभी राहिली, सावली माझ्यावर पडणार नाही अशी.

"त्या दिवशी मी उचललं त्याला," ती म्हणाली. "त्यानंच झालं का गं?"

आता ऐका. माझा मुलगा गेला होता, मी शुद्धीवर नव्हते, असं मी म्हणू शकते. पण मी शुद्धीवर होते. दोन वाक्यं पुरली असती — अक्का, बुवा तसं बोलले नव्हते. मी खोटं बोलले. ती दोन्ही वाक्यं माझ्या तोंडाशी होती. मग वाटलं, ती ह्यांना सांगेल. हे माझ्याकडे पाहतील. आणि मी म्हणाले, "आता बोलून काय उपयोग."

ती "खरंय" म्हणाली आणि गेली.

पुढं ती सात वर्षं होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. ताट मागच्या पायरीवर घ्यायची. ह्यांनी पुष्कळ विनवलं, एकदा रडलेही. ती म्हणायची, इथं वारा छान येतो. तिच्या पायरीपासून माझी चूल दहा पावलं नव्हती. सात वर्षांत किती वेळा ताट दिलं असेल? प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. तुम्ही विचाराल, मन खात नव्हतं का? खात होतं. मी त्याला खाऊ दिलं आणि ताट देत राहिले.

शेवटी तिच्या छातीत पाणी झालं. आठ दिवस त्या खोलीत पडून होती. शेवटच्या दिवशी दुपारी मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. बाहेर कुसुम शाळेतून आली होती, खांद्याला दप्तर तसंच. कधी नव्हे ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आई, मी आत येऊ?"

अक्कानं माझं मनगट धरलं. धरण्यात जोर नव्हता. "तिला आत येऊ देऊ नकोस," म्हणाली. "तेवढी एक तरी राहू दे."

खोलीत आम्ही दोघीच होतो. कुसुम उंबऱ्याबाहेर उभी होती.

मी म्हणाले, "बरं."