लिस्ट रिकामी असली तर?

अ‍ॅक्सेस कसा मिळवला म्हटलं की तुम्हाला वाटेल, आता हा हॅकिंग सांगणार. नाही भिया. मी लोकांच्या तक्रारी वाचल्या. पाच महिने.

ओपन सोर्स मतलब ज्याचा कोड सगळ्यांना खुला. बदल कोणीही सुचवू शकतो, पण तो आत टाकायचा हक्क, म्हणजे कमिट अ‍ॅक्सेस, मोजक्यांनाच. आमचा प्रोजेक्ट लायब्ररीतल्या पुस्तकांच्या नोंदीचा. हातोदला माझ्या शाळेत तोच चालायचा. चालवतात राजेंद्र नगरच्या सुषमाताई, नोकरी सांभाळून.

मला अ‍ॅक्सेस पाहिजेच होता. पहिल्याच झटक्यात मी सगळ्या स्क्रीन बदलून पाठवल्या. चाळीस फाइली. ताईंचं उत्तर आलं, "छान आहे. कोणी मागितलं होतं?" आणि माझा बदल न घेताच बंद.

मी फोन लावला. "ताई, मग करू काय?"

"ज्या तक्रारीला कोणी उत्तर दिलं नाही ती उचल. तुझ्या मशीनवर तसंच बिघडतं का बघ. मग बोल."

उचलल्या. एकदा सहा ओळींचा बदल त्यांनी चार वेळा परत पाठवला, दर वेळी का ते लिहून: पुस्तकांची लिस्ट रिकामी असली तर हे अडकेल, असं काहीतरी. ऑफिसात माझा मॅनेजर माझा कोड उघडत पण नाही, आणि ही बाई फुकटात ओळ न् ओळ वाचत होती.

मी त्यांची नक्कल करायला लागलो. चष्मा नाकावर, मान तिरकी, "हं, आणि लिस्ट रिकामी असली तर?" ऑफिस हसून लोळायचं. पण गंमत बघा, काही पाठवायच्या आधी मी त्याच आवाजात स्वतःला विचारायला लागलो. अर्ध्या चुका घरीच सापडायच्या. एक दिवस ताईंचा मेसेज आला, "आता मला विचारायची गरज नाही." अ‍ॅक्सेस मिळाला.

त्याच आठवड्यात एका नव्या मुलीने भलामोठा बदल पाठवला. मी ऐटीत लिहिलं, "छान आहे. कोणी मागितलं होतं?" आणि बंद.

दहा मिनिटांत फोन. "माझी नक्कल करतोस म्हणे?"

"थोडीशी, ताई."

"अर्धीच करतोस. तुझं बंद करायच्या आधी मी चाळीसही फाइली वाचल्या होत्या. तू तिच्या किती वाचल्या?"

"...दोन."

"अ‍ॅक्सेस काढून घेतलाय. आधी तिचं सगळं वाच. मग तिला माफी लिही. आणि ती तुझ्या आवाजात लिही, माझ्या नको."